हातातला रेडिओ स्कॅनर : शहापूर-मुरबाडमध्ये काय ऐकता येतं, कशाला बंदी आहे आणि नेटवर्क गेल्यावर काय कामाला येतं

शहापूर/मुरबाड : पावसाळ्यात आधी लाईट जाते. काही तासांनी मोबाईल टॉवरची बॅटरी उतरते, आणि मग डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई पट्ट्यातल्या पाड्यांवर फोन नुसता घड्याळ म्हणून उरतो. भातसाचे दरवाजे उघडले का, माळशेजमध्ये दरड आली का, सापगावच्या पुलावरून गाडी जाईल का, हे कळायला मार्ग राहत नाही. अशा वेळी यूट्यूबवर पाहिलेला ‘हातातला स्कॅनर’ आठवतो. बटण दाबलं की पोलीस, रेल्वे, विमान सगळ्यांचं बोलणं ऐकू येतं, असं त्या व्हिडिओत दाखवतात. ऑनलाईन दोन-तीन हजारांत तसं दिसणारं यंत्र मिळूनही जायचं. ते मागवण्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात, कारण यात पैसे जाण्यापेक्षा मोठा धोका आहे.

स्कॅनर म्हणजे नेमकं काय

साध्या रेडिओवर आपण बटण फिरवून एक स्टेशन लावतो. स्कॅनर हे काम स्वतः करतो. ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सी तो एकामागून एक तपासतो, कुठे बोलणं चालू असेल तिथे थांबतो आणि बोलणं संपलं की पुढे सरकतो. चांगला स्कॅनर सेकंदाला पन्नासच्या वर चॅनेल तपासतो. त्यावर ‘स्क्वेल्च’ नावाचं बटण असतं. सिग्नल नसताना येणारी खरखर ते दाबून ठेवतं. हे बटण फार पुढे नेलं तर लांबचा कमजोर आवाजही दबतो आणि ‘यंत्र बिघडलं’ असं वाटतं. फार मागे ठेवलं तर स्कॅनर प्रत्येक खरखरीवर अडकून बसतो. खरखर जिथे नुकतीच थांबते, तिथे ते ठेवायचं.

आपल्याकडे ‘स्कॅनर’ म्हणून विकलं जाणारं यंत्र बहुतेक वेळा स्कॅनर नसतंच. ती चिनी बनावटीची वॉकी-टॉकी असते. १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झपर्यंत ती चालते, स्कॅन करायची तिची गती अगदी हळू असते, आणि मुख्य म्हणजे तिला बोलायचं बटण असतं. ऐकणाऱ्याच्या हातून ते बटण चुकून दाबलं गेलं तरी त्याचा आवाज दुसऱ्याच्या कामाच्या चॅनेलवर जाऊ शकतो. कायद्याच्या नजरेत हे ऐकायचं नाही, प्रक्षेपण करायचं यंत्र आहे.

व्हिडिओ अमेरिकेचा, कायदा भारताचा

अमेरिकेत उघड्या चॅनेलवरचं पोलीस, अग्निशमन दलाचं बोलणं ऐकायला बहुतेक ठिकाणी मोकळीक आहे. तिथे हा जुना छंद आहे, म्हणूनच इतके व्हिडिओ दिसतात. ब्रिटनमध्ये स्कॅनर घरात ठेवला तर चालतो, पण पोलिसांचं बोलणं ऐकणं गुन्हा आहे. भारतात नियम त्याहून कडक आहेत. इथे यंत्र जवळ बाळगायलाही परवानगी लागते किंवा सरकारने त्याला सूट दिलेली असावी लागते.

हे काही आजचं नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानेच विनापरवाना रेडिओ यंत्र बाळगायला बंदी केली होती. घरच्या साध्या रेडिओलाही पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावं लागायचं, हे गावातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. १९८० च्या दशकात ती पद्धत बंद झाली आणि गाणी-बातम्यांचा रेडिओ मोकळा झाला. बाकीची यंत्रं मोकळी झाली नाहीत, आणि ‘आमच्या आजोबांकडे पण रेडिओ होता’ म्हणणारे नेमके इथे फसतात.

१९३३ च्या कायद्यात ऐकायचं यंत्र बाळगल्याबद्दल पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी २ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुसऱ्याचा संदेश बेकायदा मधेच पकडणं हा त्याच कायद्याच्या ४२व्या कलमाखाली वेगळा गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘मी फक्त ऐकत होतो, बोललो नाही’ हे कारण इथे उपयोगाचं नाही. ऐकलेलं रेकॉर्ड करून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तर तो पुरावा आपण स्वतःच तयार करून दिल्यासारखं होतं.

ऑनलाईन विक्रीवरही आता बंधनं आली आहेत. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीसारख्या रेडिओ उपकरणांच्या ई-कॉमर्सवरील विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यंत्र कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतं आणि त्याला ‘ईटीए’ म्हणजे उपकरण प्रकार मान्यता आहे का, हे विक्रेत्याने दाखवलं पाहिजे. परवाना लागणारं यंत्र ‘लायसन्स नको’ म्हणून विकता येत नाही. आखातातून किंवा सिंगापूरहून येणाऱ्या पाहुण्याकडून मागवलं तरी सुटका नाही. अशी वस्तू कस्टम्समध्ये अडकू शकते, आणि अडकते ती आणणाऱ्याच्या नावावर.

तसंही ऐकू काय येणार?

समजा कायदा बाजूला ठेवला, तरी त्या व्हिडिओतलं इथे फारसं मिळणारं नाही. राज्यात पोलिसांच्या वायरलेसचं काम बिनतारी संदेश विभाग पाहतो. अशा यंत्रणा डिजिटल होत चालल्या आहेत. डिजिटल आणि कुलूपबंद बोलणं साध्या स्कॅनरवर यंत्र घुरघुरल्यासारखं येतं, त्यातून शब्द निघत नाही. रेल्वेत ड्रायव्हर आणि ट्रेन मॅनेजर यांच्याकडे ५ वॅटचे हातातले सेट असतात. कसाऱ्याला थळ घाटाच्या १ ला ३७ च्या चढासाठी मालगाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात, तेव्हा पुढच्या-मागच्या ड्रायव्हरचा ताळमेळ रेडिओवरच्या बोलण्यावर बसतो. त्या चॅनेलवर एखाद्या हौशी पोराचं बटण दाबलं गेलं तर काय होईल, याचा विचार आसनगाव ते कसारा पट्ट्यात राहणाऱ्यांनी तरी करावा. रोजचा प्रवास त्याच रुळांवर आहे.

राहिला प्रश्न बातमीचा. धरणाचा विसर्ग, दरड, बंद रस्ता ही माहिती सरकार लपवत नाही. ती लोकांपर्यंत लवकर पोचत नाही, ही खरी तक्रार आहे. ती तक्रार रास्त आहे, पण स्कॅनरने ती सुटत नाही.

डोंगर, उंची आणि रेंज

वॉकी-टॉकीच्या लहरी साधारण नजर जाईल तिथपर्यंतच जातात. हिशोब सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि सुमारे ४ ने गुणायचं, म्हणजे किलोमीटरमध्ये क्षितिज मिळतं. शेतात उभ्या माणसाच्या हातातल्या सेटची उंची दीड मीटर, म्हणजे क्षितिज ५ किलोमीटर. घराच्या वर ९ मीटरवर एरियल असेल तर १२ किलोमीटर. माहुली किल्ला ८५८ मीटर उंच आहे. तिथून हिशोब सुमारे १२० किलोमीटरवर जातो.

हा झाला कागदावरचा आकडा. पावसाळ्यातलं ओलं रान, पत्र्याचं घर, मधली टेकडी हे सगळं सिग्नल खातात. मुरबाडच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंतच उभी आहे. नाणेघाटाच्या पायथ्याशी उभं राहून जुन्नरच्या बाजूचं ऐकायचं म्हटलं तर ऐकू येणार नाही, यंत्र कितीही महाग असो. सांदण दरीत तर आणखी अवघड. दरीच्या आतून शहापूरच्या डेहणे बाजूला थेट बोलणं होत नाही. ट्रेकवाले म्हणून एक माणूस वर कड्यावर ठेवतात आणि त्याच्यामार्फत निरोप पोचवतात. पाच हजारांच्या सेटपेक्षा कड्यावरचा तो माणूस जास्त कामाचा.

घरी : परवानगी असलेला रेडिओ नीट लावणं

लायसन्स न लागणारा साधा रेडिओ वाईट दिवसात सगळ्यात भरवशाचा आहे, आणि आज तोच घरातून गेला आहे. टॉवर बंद पडला तरी आकाशवाणी चालू असते. मुंबईची अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला आहे. एफएमवर मुंबईचं रेनबो १०७.१ आणि गोल्ड १००.७ ला. मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते, त्यामुळे टेकडीआडच्या पाड्यावर एफएम सुटलं तरी ती मिळू शकते.

मीडियम वेव्हला बाहेर काढायचा एरियल कामाचा नाही. त्याचा एरियल म्हणजे आतली फेराईटची कांडी. म्हणून आवाज कमी आला तर दांडी ओढत बसण्यापेक्षा सगळा रेडिओच हळूहळू फिरवावा. एका दिशेला आवाज एकदम उघडतो. एफएमला मात्र दांडी पूर्ण बाहेर काढून उभी धरायची. पत्र्याच्या घरात रेडिओ दाराशी किंवा खिडकीशी ठेवावा. खरखर फार असेल तर आधी घरातच शोध घ्यावा : स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईल चार्जर आणि इन्व्हर्टर हे खरखरीचे मोठे कारखाने आहेत. एकेक बंद करून बघितलं की चोर सापडतो. लाईट गेल्यावर रेडिओ अचानक स्वच्छ का लागतो, याचं उत्तरही हेच.

शॉर्टवेव्हसाठी आठ-दहा मीटर तार झाडापर्यंत ओढतात. ऐकायला छान, पण मे-जूनच्या वळवाला आणि परतीच्या पावसात वीज कडाडू लागली की ती तार रेडिओपासून काढून घराबाहेर टाकायची. वीज पडायची वाट बघायची नाही.

सेलवर चालणारा रेडिओ घ्यावा. चार्जिंगचा असेल तर पावसाळ्यात तो भरून ठेवावा. महिनोन्‌महिने न वापरलेल्या रेडिओतले सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते फुटून स्प्रिंग गंजते आणि ऐन पुरात रेडिओ मुका निघतो.

बऱ्याच मोबाईलमध्येही एफएम असतो, तो डेटा किंवा टॉवरशिवाय चालतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपन्यांना फोनमधला एफएम बंद करू नका, अशी सूचना केली होती, ती आपत्तीच्या काळासाठीच. त्यासाठी वायरचा इयरफोन लागतो, कारण ती वायरच एरियल असते. ब्लूटूथचा इयरफोन इथे चालत नाही. ॲपमध्ये ‘स्कॅन’ बटण दाबलं की मिळतील ती स्टेशनं जमा होतात. हाच गावातल्या प्रत्येकाच्या खिशातला कायदेशीर स्कॅनर. दहा-वीस रुपयांची वायर नाही म्हणून तो पडून असतो.

रस्त्यावर

कल्याण-मुरबाड रस्ता उल्हास नदीवरचा रायते पूल पाण्याखाली गेला की बंद पडतो. पुढे सरळगाव, टोकावडे मागे टाकून माळशेज चढताना मुंबईची एफएम स्टेशनं तुटक होतात. घाट ओलांडला की पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ लावून बघावं. अहिल्यानगरचं एफएम १००.१ ला आहे. दुसऱ्या बाजूला, शहापूरहून कसारा घाट चढून इगतपुरीकडे गेलं की नाशिकचं १०१.४ जवळ येतं. ही स्टेशनं गाडीच्या रेडिओत आधीच जमा करून ठेवावीत, म्हणजे घाटात शोधत बसावं लागत नाही.

गाडीचा पत्रा लहरी अडवतो. म्हणून गाडीच्या आत धरलेल्या सेटची रेंज अर्ध्याहून कमी होऊ शकते. खाली उतरून, मोकळ्यात, एरियल उभा धरून ऐकावं. गाडी चालवताना हातात कोणताही संपर्काचा सेट धरणं मोटार वाहन कायद्याच्या १८४ कलमाखाली येतं आणि पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. माळशेजच्या वळणावर दंडापेक्षा दरी जवळ असते.

लायसन्सशिवाय बोलायचं असेल तर

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढी पट्टी कमी ताकदीच्या वॉकी-टॉकीसाठी मोकळी आहे. याचे ईटीए मान्यतेचे सेट मिळतात. यात एक मेख आहे. सेट फक्त त्याच पट्टीवर चालणारा हवा. सगळ्या पट्ट्यांवर चालणारा चिनी सेट ४४६ वर लावून ठेवला म्हणून तो मोकळा होत नाही. बॉक्सवर फ्रिक्वेन्सी आणि ईटीएचा क्रमांक बघावा, बिल जपून ठेवावं. विक्रेता ‘सब चलता है’ म्हणाला तर तिथून उठावं.

अशा सेटवर मोकळ्या शेतात एक-दोन किलोमीटर बोलणं होतं, रानात त्याहून कमी. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुलाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले ग्रामरक्षक दलाचे पोरगे, जत्रेतली वाहनं, ट्रेकमधला पुढचा आणि मागचा माणूस, एवढ्यासाठी तो पुरतो. म्हसाच्या जत्रेच्या गर्दीत मोबाईल लागत नाही, तिथे तो खरा उपयोगी. चॅनेल आधी ठरवून घ्यावा. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलावं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो आणि ‘येऊ नका’ मधलं ‘येऊ’ गळून नुसतं ‘नका’ पोचतं. हे चॅनेल सगळ्यांना मोकळे असल्यामुळे त्यावर कोणीही ऐकू शकतो, हेही ध्यानात असू द्यावं.

खरी हौस असेल तर हॅम

ज्याला सेट, एरियल, लांबचं ऐकणं यात खरा रस आहे, त्याच्यासाठी सरळ रस्ता आहे : हॅम रेडिओचं लायसन्स. वय १२ पूर्ण असलं की परीक्षा देता येते. केंद्राच्या दूरसंचार विभागाचं वायरलेस खातं ती घेतं, अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर होतो. रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम असे दोन भाग असतात. जनरल ग्रेडला मोर्सही लागतो, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. दहावीचं विज्ञान नीट केलेल्या पोराला हे अवघड नाही. पास झाल्यावर स्वतःचा कॉल साईन मिळतो, व्हीयू ने सुरू होणारा.

मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर सेट बाळगता येतो, बोलता येतं, माहुलीवर चढून मुंबईचा माणूस पकडता येतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा १४५.८०० वर त्याचा आवाज हातातल्या सेटवरही येऊ शकतो. एक फेरी आठ-दहा मिनिटांची. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावरून बेंगळुरूच्या इस्रो केंद्राशी हॅम रेडिओवरूनच बोलले होते. हॅमवर धंद्याचं बोलणं चालत नाही, आणि दुसऱ्याचं खासगी बोलणं कानावर पडलं तर ते पुढे सांगता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर टेलिफोन बंद असताना हॅमवाल्यांनी निरोप पोचवले. २६ जुलै २००५ ला मुंबई-ठाणे-कल्याणात मोबाईल कोलमडले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं, ती जागा मुरबाडच्या शेजारच्याच तालुक्यातली. शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या महाविद्यालयात पाच-सहा मुलांनी हे लायसन्स काढलं, तर पुढच्या पुरात तहसील कार्यालयाला त्यांचा उपयोग होईल. चोरून ऐकणाऱ्या पन्नास सेटचा होणार नाही.

तोपर्यंत हे हाताशी असू द्यावं

जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, पोलीस व सर्व आणीबाणी ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्ग १०३३. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून ‘नो सर्व्हिस’ दिसलं तरी एकदा लावून बघावा. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप आणि आपत्तीच्या इशाऱ्यासाठी ‘सचेत’ ॲप नेटवर्क असतानाच टाकून ठेवावं. भातसा, तानसाच्या खालच्या गावांत पोलीस पाटलाचा आणि तलाठ्याचा नंबर मोबाईलमध्ये असतोच, तो कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवावा. फोनची बॅटरी उतरली की मोबाईलमधले नंबरही जातात.